नव्या संगीताची पहिली ओळख करून देणारे अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडला महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही जण जमतो, एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो आणि मग त्यावर मनसोक्त बोलतो. नव्याने येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी लिहिली आहेत. त्यांत माझी आवडनिवड आहेच, ती लपवलेली नाही.

ओळख करून देणारा अल्बम म्हणजे त्या प्रकारातला सर्वोत्तम अल्बम का?

बहुतेक वेळा नाही. जाणकारांना विचारलं तर ते भलताच अल्बम सुचवतील आणि त्यांचं म्हणणं चूक नसेल. पण अनोळखी कानाला आत घ्यायचं तर अल्बममध्ये दोन गोष्टी लागतात. त्या संगीताचा गाभा शाबूत हवा, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला आधीपासून ओळखीचं असं काहीतरी त्यात सापडायला हवं. नुसतं ओळखीचंच असेल तर नवं काही हाती लागत नाही. नुसता गाभा असेल तर माणूस पाचव्या मिनिटाला उठतो.

पुण्याला हे काही नवं नाही. ख्यालगायन इथल्या सामान्य माणसाच्या कानावर बैठकीआधी नाटकातून पडलं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं. पुढे १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. ज्यांनी कधी एक बंदिश ऐकली नव्हती, ते पदं गुणगुणत घरी गेले, आणि त्यांतले काही पुढे बैठकीत जाऊन बसले. अल्बमकडूनही माझी अपेक्षा तेवढीच आहे. त्याने आपल्याला त्याच्या मागच्या मूळ संगीतापर्यंत नेलं पाहिजे. तो संपल्यावर आणखी काही शोधावंसं वाटलं नाही, तर ती ओळख वरवरचीच राहिली.

अल्बमच कशाला? एखादं गाणं पुरत नाही का?

कधीकधी पुरतं. भीमसेन जोशी लहानपणी गदगला असताना त्यांच्या कानावर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवरून पडली आणि आपण असंच गायचं हे त्यांनी ठरवलं, ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. ती ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी होती. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात खाँसाहेबांनी जे साधलं ते आजही थक्क करतं. पण असा कान आणि असा गवई एकत्र येणं ही दुर्मीळ गोष्ट.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ आरपीएमची लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर संगीत मावू लागलं. रागाची आलापी, जॅझमधला लांब सोलो, एकामागून एक बांधलेली गाणी, हे सगळं घरी बसून ऐकता येऊ लागलं ते तेव्हापासून. अनोळखी संगीताला कान सरावायला वेळ लागतो, आणि चाळीस मिनिटांत तो वेळ मिळतो.

मी शास्त्रीय आणि नाट्यसंगीतावर वाढले. जॅझ म्हणजे नुसता गोंगाट वाटतो. कुठून सुरुवात करू?

माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून. हे उत्तर सगळेच देतात हे मला माहीत आहे. पण रागसंगीत ऐकलेल्या माणसाला हा अल्बम का जवळचा वाटतो, याचं कारण क्वचित कुणी सांगतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीटवरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. ट्रम्पेटवर माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, एका रचनेपुरता विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. त्याआधीच्या जॅझमध्ये कॉर्ड्‌स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगुच्छ, भराभर बदलत आणि वादकाला त्यांच्या मागे धावावं लागे. आपल्या कानाला गोंगाट वाटतो तो बरेचदा या धावपळीचा. माइल्सने इथे ती धावपळ थांबवली. एकच स्वरसप्तक बराच वेळ धरायचं आणि त्याच्या आत विचार करत वाजवायचं, असं त्याने ठरवलं. आपल्याला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही.

पहिली रचना ‘सो व्हॉट’. सुरुवातीला पियानो आणि बास हळूच काहीतरी पुटपुटल्यासारखे वाजतात, लय अजून ठरलेली नसते. मग बास मुखडा घेतो. एरवी मागे राहणारं वाद्य इथे पुढे येतं आणि बाकीचे त्याला फक्त दोन स्वरांत उत्तर देतात. आता स्वर बघा. घरी पेटी असेल तर पांढरी दोन सा धरा आणि काफी थाटाचे स्वर वाजवा, कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. तेच हे स्वर. सोळा बार हेच चालतं, एक बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा. मग आठ बार सगळंच्या सगळं अर्ध्या स्वराने वर सरकतं, म्हणजे सा पांढरी दोनवरून काळी दोनवर जातो, आणि शेवटच्या आठ बारांत पुन्हा खाली पांढरी दोनवर येतो. बत्तीस बारांचं हे चक्र म्हणजे आवर्तनच समजा. ते पुन्हापुन्हा फिरतं आणि त्यावर आधी माइल्स, मग कोल्ट्रेन, मग ॲडर्ली, मग एव्हान्स आपापलं म्हणणं मांडतात. वर सरकण्याची आणि परत येण्याची जागा एकदा कानाला सापडली की समेची वाट पाहावी तशी तिची वाट पाहिली जाते. आमच्याकडे हा अल्बम लावला तेव्हा तिसऱ्या आवर्तनाला एका आजींची मान आपोआप हलली, त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

एक गोष्ट पेटी घेऊन बसणाऱ्यांसाठी. स्टुडिओतलं एक टेप यंत्र किंचित सावकाश चालत असल्यामुळे मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित वेगात वाजतात आणि सूर चढा लागतो. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. जुनी प्रत लावून पेटी जुळली नाही, तर दोष तुमच्या कानाचा नाही.

म्हणजे ते रागच वाजवतात असं म्हणायचं का?

नाही. स्वर काफीचे असले तरी चलन नाही, वादी-संवादी नाही, न्यासाचे नियम नाहीत, आणि खाली पियानोचं स्वरसंवादित्व सतत रंग बदलत असतं. साम्य दाराशी आहे, घर वेगळं आहे. कोल्ट्रेनला मात्र भारतीय संगीताची खरी ओढ लागली होती. त्याने मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. १९६७ साली तो गेला, नाहीतर हा प्रवास कुठवर गेला असता कोण जाणे.

मला उलटी अडचण आहे. जॅझ, रॉक सगळं ऐकतो, पण आपलं शास्त्रीय संगीत डोक्यावरून जातं.

मग ‘कॉल ऑफ द व्हॅली’. साल १९६७, एचएमव्ही. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. तिघेही तेव्हा तरुण होते आणि तिघांची वाद्यं शास्त्रीय मंचावर अजून रुळायची होती. संतूर काश्मीरच्या सूफियाना संगीतातून नुकतं इकडे आलेलं. गिटारवर राग वाजतो हे अनेकांच्या पचनी पडत नव्हतं. काबरा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, ते गिटार आडवी ठेवून तारांवरून पट्टी सरकवत मींड काढत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जात.

काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, अशी या अल्बमची कल्पना. पहाटे अहिरभैरव, मग नटभैरव, पिलू, संध्याकाळी भूप, मग देस आणि पहाडी. रागांची वेळ ही संकल्पना पुस्तकातून समजून घेण्यापेक्षा ती अशी एका दिवसात ऐकणं किती सोपं आहे! यामागे एचएमव्हीतले जी. एन. जोशी होते. मराठी भावगीताचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेला हा माणूस. तीन मिनिटांच्या तबकडीत कविता आणि सूर कसे मावतात हे त्यांनी स्वतः गाऊन दाखवलं होतं, त्यामुळे नव्या श्रोत्याला राग किती वेळ आणि कोणत्या क्रमाने ऐकवावा याची त्यांना नेमकी जाण असणार.

ऐकताना एक करा. अहिरभैरवात संतूरचे पहिले स्वर येतात तेव्हा प्रत्येक आघातानंतर स्वर कसा विरतो तिकडे लक्ष द्या. संतूरला मींड सहजी नाही, कलमांनी तारेवर आघात केला की स्वर निघतो आणि क्षीण होतो. मग बासरी येते आणि श्वासाच्या जोरावर तोच स्वर लांबवते. मग गिटार येऊन दोन स्वरांमधली जागा भरून काढते. रागातला एकच स्वर किती तऱ्हांनी लावता येतो हे कानाला असं कळलं की पुढे ख्याल ऐकताना गवई एकाच स्वरावर एवढा वेळ का थांबतो, हा प्रश्न उरत नाही.

आमच्या घरी म्हणतात, ते काही ‘खरं’ शास्त्रीय नाही.

घरच्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. यात विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं-वाजवणं नाही, रागाचा सविस्तर विस्तार नाही. पण जगभरात कितीतरी लोक या तबकडीतून हिंदुस्तानी संगीतात आले आणि त्यांतले बरेच पुढे मैफलींना जाऊ लागले. घरच्यांना सांगा की पुढची पायरी तुम्ही दाखवा. बहुतेक ते आनंदाने दाखवतील.

आपलं संगीत पाश्चात्त्यांपर्यंत पहिल्यांदा कोणत्या अल्बममधून गेलं?

रविशंकर आणि बीटल्स हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. पण त्याच्या दहा-बारा वर्षं आधी, १९५५ साली, अली अकबर खाँसाहेबांची ‘म्युझिक ऑफ इंडिया: मॉर्निंग अँड ईव्हनिंग रागाज’ ही तबकडी अमेरिकेत निघाली. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी मुळात रविशंकरांना बोलावलं होतं. त्यांना जाणं जमेना, म्हणून त्यांनी अली अकबरांचं नाव सुचवलं. सरोदला तबल्याची साथ चतुरलाल यांची. एका बाजूला सिंधुभैरवी, दुसऱ्या बाजूला पिलू. सुरुवातीला मेन्युहिन स्वतः बोलतात, वाद्यांची आणि रागाची ओळख करून देतात.

मला हे निवेदन फार मोलाचं वाटतं. स्वतःच्या संगीतात शिखरावर असलेला कलावंत आपल्या श्रोत्यांना सांगतो आहे की हे लक्ष देऊन ऐका. अनोळखी संगीताला असा जामीन मिळाला की श्रोता निदान बसून तरी राहतो. पुढे १९६७ मध्ये मेन्युहिन आणि रविशंकर यांचा ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ आला आणि त्याला चेंबर म्युझिकसाठी ग्रॅमी मिळालं. ऐकायला मात्र मी आधी अली अकबरच लावेन. तिथे कुणी कुणाला भेटायला निम्म्या वाटेवर आलेलं नाही, सरोद जशी आहे तशी वाजते.

रेगे ऐकलं की सगळी गाणी सारखीच वाटतात. माझं काय चुकतंय?

बहुधा तुम्ही पहिल्या मात्रेवर ठोका शोधत असाल आणि तिथे काही सापडत नसेल. रेगे हे जमैकाचं संगीत, त्यातल्या ‘वन ड्रॉप’ तालात बास ड्रम पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि वजन तिसऱ्या मात्रेवर पडतं. गिटारचे तुटक झटके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपल्याला हे अगदीच परकं नाही. रूपक ताल पहिल्याच मात्रेवर खाली घेऊन सुरू होतो. रूपकात हाताने ताल धरायची सवय असेल, तर पहिल्या मात्रेवर टाळीऐवजी हात मोकळा सोडून रेगे ऐकून बघा, गाण्यांमधले फरक लगेच दिसू लागतील.

अल्बम म्हणाल तर ‘कॅच अ फायर’, बॉब मार्ले आणि वेलर्स, १९७३. आयलंड रेकॉर्ड्‌सच्या ख्रिस ब्लॅकवेलने जमैकात झालेल्या ध्वनिमुद्रणावर लंडनमध्ये रॉकच्या ढंगाची गिटार आणि कीबोर्ड चढवून घेतले, कारण त्याला रॉक ऐकणारा श्रोता हवा होता. मूळ जमैकन ध्वनिमुद्रणंही नंतर प्रसिद्ध झाली आहेत. दोन्ही पाठोपाठ ऐका. परक्या श्रोत्यासाठी काय घातलं आणि त्याखाली काय शाबूत राहिलं, हे याहून स्पष्ट कुठेच ऐकू येत नाही.

शब्द कळत नसतील तर गाणं ऐकण्यात काय अर्थ?

मराठी माणसाला हा प्रश्न फार सतावतो, कारण आपण गाण्यात आधी शब्द शोधतो. संतकाव्य, नाट्यपद, भावगीत, सगळीकडे शब्द पुढे. त्यामुळे मी उत्तरादाखल दोन अल्बम सुचवते, त्यांत शब्द न कळताही गाणाऱ्याचं बोलणं कळतं.

पहिला ‘गेट्झ/जिलबर्तो’, १९६४. ब्राझीलचा जोआओ जिलबर्तो आणि अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ, पियानोवर आंतोनियो कार्लोस जोबिम. बोसा नोवा हे ब्राझीलचं संथ, हळुवार संगीत घराघरात नेणारा हा अल्बम, वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याला ग्रॅमीही मिळालं. जिलबर्तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो, आवाज कुठेही चढवत नाही. असं गाणं मायक्रोफोनशिवाय शक्यच नव्हतं. आपल्याकडे भावगीतही मायक्रोफोनमुळेच फुललं. अरुण दातेंचा आवाज ज्यांच्या कानात आहे, त्यांना जिलबर्तो पहिल्याच ऐकण्यात आपला वाटेल. त्याच्या गिटारीकडे लक्ष ठेवा, अंगठा सांबाची लय संथपणे धरून असतो आणि बाकीची बोटं त्या लयीच्या अलीकडे-पलीकडे पडत राहतात.

दुसरा ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’. मार्च १९९६ मध्ये हवानाच्या एग्रेम स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं, १९९७ मध्ये अल्बम आला. खरं तर तिथे आफ्रिकेतल्या मालीचे वादक येऊन क्यूबन वादकांबरोबर वाजवणार होते. ते पोहोचू शकले नाहीत, आणि मग अमेरिकन गिटारवादक राय कूडर आणि वर्ल्ड सर्किट या रेकॉर्ड कंपनीचे निक गोल्ड यांनी हवानातल्या जुन्या गायक-वादकांना गोळा केलं. कॉम्पाय सेगुंदो तेव्हा ८८ वर्षांचे होते, पियानोवादक रुबेन गोन्झालेझ ७६ वर्षांचे. त्यांचं ‘सोन’ हे संगीत त्यांच्या गावातही मागे पडलं होतं. गोन्झालेझ यांचा पियानो ऐका. म्हाताऱ्या बोटांत अशी खोडकर, मोकळी लय ऐकली की पुण्यातल्या रसिकाला आपले वयोवृद्ध गवई आठवल्यावाचून राहत नाहीत. आवाज थकतो, लय थकत नाही. तालाचं सूत्र हवं असेल तर ‘क्लावे’ पकडा, दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून वाजवलेले पाच ठोके. आपला ठेका जसा सगळ्यांना बांधून ठेवतो, तसं हे पाच ठोक्यांचं सूत्र तिथल्या प्रत्येक वाद्याला बांधून ठेवतं.

मोठं नाव पाहुण्या कलाकाराचं आणि संगीत दुसऱ्यांचं, हे पटतं का?

नेहमी पटत नाही, आणि हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ‘ग्रेसलँड’चं उदाहरण घेऊ. अमेरिकन गायक पॉल सायमनने दक्षिण आफ्रिकेतल्या टाउनशिपमधल्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या संगीताची एक कॅसेट ऐकली आणि १९८५ मध्ये तो थेट जोहान्सबर्गला ध्वनिमुद्रणासाठी गेला. वर्णभेदी राजवटीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्कार पुकारलेला असताना तो गेला, म्हणून त्याच्यावर कडक टीका झाली, आणि ती मला योग्य वाटते. लढणाऱ्या लोकांनी ठरवलेला नियम बाहेरच्याने आपल्या सोयीने बाजूला सारायचा नसतो.

त्याच वेळी हेही खरं की १९८६ मध्ये तो अल्बम आला आणि जोसेफ शाबालाला यांच्या ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’ या गायकवृंदाचं ‘इसिकाथामिया’ हे वाद्यांशिवायचं समूहगायन जगाने ऐकलं. एका गाण्याच्या रचनेचं श्रेय सायमनने शाबालालांबरोबर वाटून घेतलं. १९८७ मध्ये त्यांच्या स्वतंत्र अल्बमचा तो निर्माता होता आणि त्याला ग्रॅमी मिळालं. १९८७ च्या दौऱ्यात मिरियम मकेबा आणि ह्यू मासेकेला हे देशाबाहेर निर्वासित आयुष्य काढणारे कलावंत त्याच्याबरोबर उभे राहिले. माझी कसोटी अशी आहे: अल्बमनंतर मूळ कलावंतांचं नाव मोठं झालं का, आणि श्रेय-पैसा त्यांच्यापर्यंत गेला का? या कसोटीवर ‘ग्रेसलँड’ बराचसा उतरतो, बहिष्काराच्या प्रश्नावर नाही. दोन्ही लक्षात ठेवून ऐका.

फ्यूजन म्हटलं की मी उठून जातो. तरी एखादा अल्बम?

‘शक्ती’. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या साउथॅम्प्टन कॉलेजात १९७५ च्या जुलैमध्ये झालेला कार्यक्रम, १९७६ मध्ये अल्बम म्हणून आला. जॉन मॅक्लॉफलिन त्याआधी प्रचंड आवाजाच्या विजेच्या गिटारीसाठी प्रसिद्ध होता. इथे तो ॲकूस्टिक गिटार घेऊन, एल. शंकर यांच्या व्हायोलिनसमोर आणि झाकीर हुसेन, विक्कू विनायकराम, आर. राघवन यांच्या तालवाद्यांसमोर बसला. गिटारीच्या पोकळीवरून तिरक्या तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा ताणलेल्या. वरवरच्या फ्यूजनमध्ये तबला मागे टिकटिकत राहतो. इथे गिटारवाल्याला तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यावं लागतं, आणि तो येतो. तबला आणि मृदंगम, म्हणजे उत्तर आणि दक्षिण, अशी जोडीही अनेकांनी इथेच पहिल्यांदा ऐकली.

हे फार वेगवान वाटलं तर ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’, १९९३. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा आणि राय कूडरची स्लाइड गिटार, अवघ्या चार रचना. रात्री जेवणानंतर ऐकावा असा अल्बम.

‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदिसा’ही घ्या, साल २०००. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली अरामी भाषेतली प्रार्थना आहे, आणि नर्मदेवरचं गाणं नर्मदा खोऱ्यातल्या लोकगीतावरून आलं. बँडचा राहुल राम नर्मदा आंदोलनात राहिलेला. हे गाणं त्याने लोकांमध्ये राहून उचललं आणि ऐकताना ते जाणवतं.

मराठीत असा कोणता अल्बम आहे?

माझ्या मनात पहिलं नाव येतं ते हृदयनाथ मंगेशकर, लता मंगेशकर आणि शांता शेळके यांच्या कोळीगीतांचं. कोळीवाड्याची लय शहरातल्या दिवाणखान्यात आली ती या तबकडीतून. शब्द शांताबाईंचे, चाली घडवलेल्या, त्यामुळे अस्सल लोकगीत म्हणून त्यांच्याकडे पाहता येणार नाही. पण वल्ह्याची ती खेच चालीत पक्की आहे.

कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ही तर याहून खोल ओळख. क्षयरोगामुळे १९४८ साली ते देवासला राहायला गेले. तिथे अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, नाथपंथी जोग्यांचं गाणं ऐकलं. बरे होऊन पुन्हा गाऊ लागले तेव्हा ते सगळं त्यांच्या गळ्यात होतं. वारकरी अभंगांवर वाढलेल्या मराठी श्रोत्याला विठ्ठल ठाऊक होता. कबीराचं निराकार, काहीसं एकाकी गाणं त्याला कुमारांनी ऐकवलं. आजही अभंगापलीकडचं भक्तिसंगीत कुणी मागितलं तर मी हेच पुढे करते.

अलीकडचं म्हणाल तर नव्वदच्या दशकातला मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’, आणि २००३ पासून पुण्याच्या संदीप खरे-सलील कुलकर्णींचं ‘आयुष्यावर बोलू काही’. भावगीत आपल्या आजी-आजोबांचं आहे असं समजणाऱ्या पिढीला कविता पुन्हा गाण्यातून भेटली.

इलेक्ट्रॉनिक संगीताचं काय?

चरणजित सिंग यांचा ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये रोलँड कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन भैरव, ललतसारखे राग वाजवले. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे अ‍ॅसिड हाउस म्हणून जे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत अमेरिकेत उभं राहिलं त्याच्याशी याचं साम्य पाहून २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगभरचे लोक चकित झाले. मुलं आणि आजोबा एकत्र ऐकू शकतील असा हा अल्बम आहे. मुलांना ताल ओळखीचा, आजोबांना राग.

हे अल्बम पुण्यात मिळतील कुठे?

बहुतेक सगळे स्ट्रीमिंगवर आहेत. दोन काळज्या घ्या. शफल बंद करा, ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये रात्रीचा पहाडी आधी आणि पहाटेचा अहिरभैरव नंतर आला तर सगळी कल्पनाच मोडते. आणि वादकांची नावं शोधून वाचा. ॲपवर ती बरेचदा अर्धवट असतात.

तबकड्या हव्या असतील तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी. सकाळी लवकर जा. तबकडी उन्हात तिरकी धरून चरे पाहा, मग डोळ्याच्या रेषेत आडवी धरून ती वाकली नाही ना ते बघा. ७८ ची तबकडी घेतलीत तर तिला लाँग प्लेची (एलपीची) सुई चालत नाही, जाड सुई लागते. शिवाय ती लाखेची असते, म्हणून स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते.

कॅसेटच्या काळात कर्वे रस्त्यावरचं अलूरकर म्युझिक हाउस हे पुण्यातल्या रसिकांचं हक्काचं ठिकाण होतं. मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे वळल्या नाहीत अशा गवयांचं गाणं सुरेश अलूरकरांनी स्वतःच्या लेबलवर आणलं. त्या कॅसेट कुणाच्या माळ्यावर असतील तर कृपा करून भंगारात देऊ नका, आधी डिजिटल करून घ्या.

एकदा ऐकला आणि आवडला नाही, तर?

आठवडाभर थांबून पुन्हा ऐका, या वेळी एकच वाद्य धरून. ‘काइंड ऑफ ब्लू’ असेल तर फक्त पॉल चेंबर्सचा बास. ‘शक्ती’ असेल तर फक्त विक्कू विनायकराम यांचा घटम, म्हणजे मातीचा घडा. तरीही नाही आवडला तर सोडून द्या, दुसरा घ्या. मला स्वतःला रविशंकर-मेन्युहिन जोडीपेक्षा सुटे रविशंकर आणि सुटे मेन्युहिन जास्त भावतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

आणि आवडला, तर पुढे काय?

‘काइंड ऑफ ब्लू’नंतर कोल्ट्रेनचा १९६५ चा ‘अ लव्ह सुप्रीम’, चार भागांची सलग प्रार्थना. ‘कॅच अ फायर’नंतर त्याच अल्बमची मूळ जमैकन आवृत्ती. ‘ग्रेसलँड’नंतर लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोंचं नुसतं गळ्यांवरचं गाणं, वाद्यांशिवाय. ‘कॉल ऑफ द व्हॅली’नंतर मात्र तबकडी शोधू नका, डिसेंबरात मुकुंदनगरला ‘सवाई’ला जा. १९५३ पासून हा महोत्सव चालू आहे. एका दिवसाचं भारतीय बैठकीचं तिकीट काढा, सुरुवातीपासून बसा आणि संध्याकाळचा एखादा राग विलंबितापासून द्रुतापर्यंत पुरा ऐका.